नऊ पेट्या, एकच पट्टी

बापाचं दुकान पेट्या दुरुस्तीचं. पुढे काच, काचेमागे चार-पाच पेट्या, आत लाकडाचा भुसा, सरसाचा वास आणि एक लांबलचक बाकडं. बाकड्याच्या एका टोकाला थोरला मुलगा, दुसऱ्या टोकाला स्टुलावर धाकटी. थोरल्याच्या हातात कानस, धाकटीच्या हातात भाता. ती तेव्हा नऊ वर्षांची होती. बाप सांगेल तितका वेळ भाता हलवायचा आणि तोंड मिटून बसायचं, एवढंच तिचं काम. त्यातलं पहिलं तिला जमायचं.

पेटी सुरात कशी लावतात हे एकदा कळलं, की तिची सगळी जिंदगी कळते. पेटीच्या प्रत्येक पट्टीखाली पितळेची एक पातळ पत्ती असते. भात्याची हवा लागली की ती थरथरते आणि सूर निघतो. लावायची पेटी आणि दुकानातली नमुन्याची पेटी, दोन्हींची एकच पट्टी एकदम वाजवायची. दोन्ही सूर अगदी एक असले, तर आवाज ताणलेल्या दोरीसारखा सरळ येतो. केसभर फरक असला, तर आवाज फुगतो आणि बसतो, फुगतो आणि बसतो, जेवून झोपलेल्या माणसाच्या पोटासारखा. त्याला दुकानात लहर म्हणत. पत्तीचं टोक घासलं की सूर चढतो, बूड घासलं की उतरतो. घासत जावं तशी लहर मंदावते आणि शेवटी मरते. मेली, की पुढची पट्टी.

बाप आणि दादा लहरी मारायचे, ते ढेकूण चिरडावेत तसे. दयामाया नाही. धाकटी मात्र भाता हलवता हलवता ऐकायची, की मरायच्या आधी लहर किती लांब होत जाते. एक फुगवटा इथं, तर दुसरा पार पलीकडे. मध्ये एवढी ऐसपैस जागा, की माणसाने आत जाऊन पाय पसरून बसावं.

"जरा थांबा की!" एक दिवस ती ओरडलीच.

"का? हात भरून आला?" बापाने विचारलं.

"नाही. ही चांगली आहे. हिला मारू नका."

बापाने दादाकडे पाहिलं. दादाने कानशिलाजवळ बोट गोल फिरवलं.

बाप गेल्यावर दुकान दादाकडे आलं. दादाचा कान बापाच्याही वरताण. रस्त्याने जाणाऱ्या सायकलची घंटी काळी तीन की काळी चार ते तो बसल्या जागी सांगायचा, आणि ती उतरलेली असली तर सायकलवाल्याला हटकून तसं ऐकवायचा. बेसूर पेटी बघितली की त्याला दुसऱ्याच्या नाकातून शेंबूड वाहताना बघितल्यासारखं व्हायचं. पुसल्याशिवाय राहवायचं नाही. बापाचा एक नियम त्याने जसाच्या तसा चालवला. दुकानातून बाहेर जाणाऱ्या प्रत्येक पेटीवर शेवटचा हात मालकाचा. मालकाने बघितली, की बुडाला खडूची फुली. बिनफुलीची पेटी उंबरा ओलांडणार नाही, मग ती राजाची असो नाहीतर न्हाव्याची.

धाकटी त्याच दुकानात भाते शिवायची. चामडं कापायचं, कापड डकवायचं, घड्या पाडायच्या. लग्न झालं होतं. नवरा मालवाहू बोटीवर आचारी, वर्षातले नऊ महिने पाण्यावर. वहिनी म्हणायची, "म्हणूनच तुमचा संसार टिकला. आमचे हे समोरच बसलेले असतात."

एकतिसाव्या वर्षी तिने पहिली रचना केली. नाव ठेवलं 'जरा थांबा की'. दोन पेट्या, दोघींची एकच पट्टी, अठरा मिनिटं. एका वाजवणाऱ्याने पट्टी पूर्ण दाबून धरायची. दुसऱ्याने ती मुंगीच्या पावलाने अर्धी सोडत आणायची. हवा कोंडते, सूर जरासा खाली येतो आणि लहर जन्माला येते. मग तशीच दाबत न्यायची, की लहर पुन्हा मरते. बस्स. गाणं नाही, ताल नाही, वर जाणं नाही, खाली येणं नाही.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत कार्यक्रम झाला. श्रोते एकोणीस. त्यातले सात नात्यातले, आणि दोघांना मधुमेहावरचं व्याख्यान हवं होतं, ते खालच्या मजल्यावर होतं. अकराव्या मिनिटाला दादा खुर्चीतून उठला, खिशातून पेचकस काढला आणि सरळ पेटीपाशी आला.

"सरक. पट्टी अडकलीय."

"दादा, खाली बस."

"अगं, अडकलीय! एवढी माणसं ऐकतायत, लाज नाही वाटत?"

त्याने झाकण काढलं, पट्टी मोकळी केली, दोनदा वाजवून दाखवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, असाच शेवट आहे.

त्या दिवशी घरी जाताना दादाने सांगून टाकलं, "तू तुझं करत राहा, मी आड येणार नाही. पण मला ऐकायला बोलावू नकोस. माझा हात आपोआप पेचकसाकडे जातो." आणि पुढची सव्वीस वर्षं त्याने शब्द पाळला. बहीणभाऊ एकाच बाकड्यावर, एकाच किटलीतला चहा पिणारे, पण तिच्या रचनेचा विषय निघाला की दादा कानशी मोजायला घ्यायचा.

गावाने तिचं नाव 'एकसुरी' ठेवलं. तिने ते टपालपेटीवरच लिहून टाकलं: एकसुरी, दुसरा मजला. टपाल चुकायचं थांबलं.

मग 'जिना' ही रचना आली. पाच मजली इमारत, प्रत्येक मजल्याच्या वळणावर एक पेटी, प्रत्येक पेटीचा एकच सूर. वाजवणारे जागच्या जागी, ऐकणाऱ्यांनी चढायचं आणि उतरायचं. खालचा सूर मागे राहतो, वरचा अंगावर येतो, मधल्या पायरीवर दोन्ही गळ्यात पडतात. वहिनी चौथ्या मजल्यावरून ओरडली, "बाई गं, तुझं संगीत कानाने नाही, गुडघ्याने ऐकायचं!" एक म्हातारबुवा तिसऱ्या मजल्यावर बैठक मारून बसले आणि हीच सगळ्यात चांगली जागा म्हणून उठेनात. त्यांच्यामागे रांग तुंबली. पुढे 'उरलेला श्वास'. भाता एकदाच भरायचा, एक पट्टी दाबायची, हवा संपली की रचना संपली. वाजवणाऱ्याच्या संयमाप्रमाणे अकरा सेकंदांपासून चाळीसपर्यंत. वर्तमानपत्रात छापून आलं: 'कार्यक्रम सुरू होण्याची वाट पाहत होतो, तेवढ्यात लोक घरी निघाले.' तिने ते कात्रण आरशाच्या कडेला खोचून ठेवलं. म्हणाली, "खोटं कुठं लिहिलंय?"

पण मनात एक मोठी रचना घर करून बसली होती. वयाच्या छप्पन्नाव्या वर्षी तिने नऊ पेट्या जमवल्या. कुणाचं झाकण तुटलेलं, कुणाचा भाता उंदरांनी खाल्लेला, कुणाच्या निम्म्या पट्ट्या बोळक्या तोंडासारख्या गायब. तिला एकच पट्टी हवी होती: पांढरी एक. सगळ्या पेट्या आपल्या दोन खोल्यांत आणून तिने कामाला हात घातला. पहिली पेटी सरळ. दुसरीची पत्ती एवढीच घासायची, की पहिलीशी दोन सेकंदांना एक लहर उठावी. तिसरीची तीन सेकंदांना. पुढे अंतर वाढवत वाढवत नववीपर्यंत. नववीची लहर बारा सेकंदांची, म्हातारीच्या उसाशासारखी. नऊच्या नऊ एकदम वाजल्या, की लहरींवर लहरी चढणार, एकमेकींना गाठणार, सुटणार, आणि पट्टीवरून बोट कुणीच हलवणार नाही. चाळीस मिनिटं. नाव: 'नऊ'.

याला चौदा महिने लागले. घासलेली पत्ती रुसते. एक रात्र गेल्याशिवाय ती जागेवर बसत नाही. आज दोन सेकंद, उद्या अडीच. पलंगाखाली पेट्या, ओट्यावर पेटी, एक तर न्हाणीघराच्या दारात. नवरा बोटीवरून सुट्टीला आला आणि चार दिवसांत म्हणाला, "मी बोटीवर जातो. तिथं जागा आहे."

त्याच दिवसांत रेडिओवर काम करणारी एक बाई स्वतःची पेटी घेऊन घरी आली, भाता बदलायला. आतल्या खोलीतून लहर ऐकू आली. बाई चपलांसकट आत गेली, पलंगावर बसली आणि पाऊण तास उठली नाही. उठली ती डोळे मोठे करून.

"हे थेट द्यायचं. सभागृहातून. रविवारी सकाळी अकराला."

"लोक रेडिओ बंद करतील," एकसुरी म्हणाली.

"करू देत. पण बाहेरून थेट प्रक्षेपण करायची आमची गाडी साहेब वर्षातून एकदा सोडतो. दोन वर्षं मागे लागलेय मी त्याच्या. ही गेली, तर पुन्हा मिळायची नाही. चालेल ना?"

चालेल? तिला रात्री झोप लागेना. सव्वीस वर्षांत सगळं मिळून चारशे माणसांनी तिला ऐकलं असेल, त्यातली निम्मी वहिनीच्या भिशीतली. आणि आता एका फटक्यात अख्खा मुलूख!

आठ वाजवणारे गोळा केले. परीक्षा एकच: पट्टी दाबून चाळीस मिनिटं नाक न खाजवता बसून दाखवायचं. दातांचा डॉक्टर पहिल्यांदा नापास झाला, दुसऱ्यांदा पास. बसचा ड्रायव्हर पहिल्याच झटक्यात पास. म्हणाला, "आम्ही वळणावर एवढंच तर करतो." निवृत्त टपालवाली आली, ती तर दगडाची मूर्तीच. तिला नववी दिली.

शनिवारी सकाळी पेट्या दुकानात नेल्या, कारण टेंपो दुकानाचा. प्रत्येक पेटीला चिठ्ठी बांधली: 'हात लावू नये.' आणि ती खुर्च्यांच्या जागा आखायला सभागृहात गेली. संध्याकाळपर्यंत तिथंच.

रविवारी सव्वाआठला टेंपो आला. पेट्या स्टेजवर अर्धगोल मांडल्या. खिडक्यांतून ऊन येत होतं, फरशी नुकतीच पुसलेली, रेडिओवाली बाई वायरींत पाय अडकवून कुणालातरी शिव्या देत होती. एकसुरीने पहिली पेटी धरली, टपालवालीला नववी धरायला लावली. दोघींनी पांढरी एक दाबली.

सरळ.

तिने मान वाकडी केली. बारा सेकंद मोजले. चोवीस मोजले. लहर नाही. तिने ड्रायव्हरला दुसरी दाबायला लावली. सरळ. चौथी. सरळ. सातवी. सरळ! नऊ पेट्यांतून एकच सपाट आवाज येत होता, इस्त्री फिरवल्यासारखा. तिने खाली बसून पेटी कलंडवली. बुडाला खडूची ताजी फुली.

तेवढ्यात दार उघडून दादा आत आला. इस्त्रीचा शर्ट, केस चापून बसवलेले, मागे वहिनी. सव्वीस वर्षांत पहिल्यांदा. चेहऱ्यावर आनंद मावत नव्हता.

"काय धाकटे! खूश ना?"

"दादा, तू पेट्यांना हात लावलास?"

"हात? अगं, काल जेवण टाकून घाम गाळलाय, आणि पत्त्या बसल्यावर पहाटे पुन्हा! असला रोग मी जन्मात बघितला नव्हता. नऊ पेट्या आणि आठांची एकच पट्टी आजारी. म्हटलं, हिच्या घरात ओल आलीय की काय! पण सोडलं नाही एकीलाही."

"चिठ्ठी वाचता येत नाही तुला?"

"ती गिऱ्हाइकांना असते. मालकाला नसते."

"मी सांगितलं होतं हो," वहिनी पुढे झाली. "म्हटलं, तिने लिहिलंय तर राहू द्या. तर म्हणतात, मुलूख ऐकणार, बहीण माझी, पेट्या माझ्या दुकानातून जाणार, आणि बेसूर जाऊ देऊ?"

एकसुरी उठली. आवाज चढला तो सभागृहाच्या छतापर्यंत. "अरे, आजारी नव्हत्या त्या! तो आजार मी चौदा महिने खपून लावला होता! एकेक पत्ती, एकेक लहर! त्याच लहरी ऐकायला लोक येतायत. त्याच तू खाऊन बसलास!"

दादाचं हसू हळूहळू ओघळलं. त्याने पेट्यांकडे पाहिलं, तिच्याकडे पाहिलं.

"आठही? मुद्दाम?"

"आठही."

"पहिली मात्र सरळ होती," तो पुटपुटला. "तिथंच कळायला हवं होतं मला. एक सरळ आणि बाकी ओळीने... दोन, तीन... अगं, मला वाटलं तरी होतं, की रोग असा पाढे म्हणत येत नाही!"

"आता कळून काय उपयोग?"

रेडिओवाली बाई घड्याळ बघत आली. "पावणेनऊ. जमत नसेल तर आत्ता सांगा. मी ध्वनिफीत लावायला सांगते. पण गाडी परत जाईल ती जाईल."

"घासतो परत," दादा म्हणाला.

"घासून काय होणार? अकरापर्यंत पत्ती बसेल का जागेवर? तुला माझ्यापेक्षा जास्त कळतं."

दादाने एकदम शर्टाच्या बाह्या वर सारल्या. "घासायचं नाही. मेण. टोकाला मेणाचा ठिपका दिला, की पत्ती जड होते, सूर उतरतो. मेणाला रुसवा नसतो. मेणबत्ती आण गं कुणीतरी!"

वहिनी पळाली. तिला पळताना कुणी बघितलं नव्हतं. राखणदाराच्या कपाटातून, वीज गेली तर म्हणून ठेवलेल्या चार मेणबत्त्या घेऊन आली. दादाने दुसऱ्या पेटीचे पेच काढले, वरचा भाग उचलला, सुईच्या टोकावर मेणाचा कण घेतला.

"बोल. दुसरीला किती?"

"दोन सेकंदांना एक."

त्याने ठिपका दिला, पेटी मिटवली, तिने पहिली धरली. फुगवटा, बैठक. फुगवटा, बैठक. "जरा घाई होतेय," ती म्हणाली. त्याने सुईने कणाचा कण उडवला. "आता?" बरोबर दोन सेकंद. सात मिनिटांत! तिला दुसऱ्या पेटीला सहा आठवडे लागले होते. हाच कान, हाच हात. फक्त जन्मभर उलट्या दिशेने चालत आलेला. दादाच्या तोंडावर काढा प्यायल्याची कळा होती. आपल्या हाताने चांगली पेटी नासवत होता बिचारा.

तिसरी झाली. चौथी उघडली, इकडे ती ड्रायव्हरबरोबर पहिली-दुसरी पुन्हा वाजवून बघत होती, आणि तेवढ्यात दुसरीची लहर नाहीशी झाली. पेटीच्या पोटात टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज आला, आणि सूर सरळ.

"गेलं," दादा सुई खाली ठेवत म्हणाला. "हीच भीती होती. पत्ती थरथरते, मेण सुटून पडतं. कधी पाच मिनिटांत, कधी अर्ध्या तासात. चाळीस मिनिटं टिकणार नाही गं. काही उपयोग नाही."

एकसुरी मात्र तशीच उभी होती, तोंड उघडं टाकून.

"पुन्हा वाजव," ती म्हणाली.

"काय वाजवू? सुटलं ना."

"दादा, ऐकलंस तू? लहर चालू होती, आणि मग टिक् आणि सगळं सपाट! असं आठही पेट्यांत झालं तर? आधी आठ लहरींचा कालवा. मग मेणाचा एक मणी गळतो, सात राहतात. मग सहा. कुठला आधी गळेल कुणालाच ठाऊक नाही, मलासुद्धा नाही! लाव परत. लवकर लाव!"

"अगं, परत सुटेल."

"सुटू दे! सुटायलाच लाव!"

ती नाचायचीच बाकी होती. चौदा महिन्यांच्या रचनेवर तिने उभ्या उभ्या पाणी सोडलं आणि वाजवणाऱ्यांना घेराव घालून सांगू लागली. "टिचकी ऐकलीत, की आपला मणी गळला. दहा श्वास मोजा आणि बोट उचला. मी पहिली धरून बसते शेवटपर्यंत. डॉक्टर, श्वास हळू घ्यायचे, दाढ दुखत असल्यासारखे नाही."

"आणि मणी नाहीच गळला तर?" टपालवालीने विचारलं.

"तर बसून राहायचं."

अकराला पाच कमी असताना दादाने नववी मिटवली. बोटं मेणाने चिकट, शर्टाची इस्त्री पार मोडलेली. तो पहिल्या रांगेत वहिनीशेजारी जाऊन बसला. सभागृह तीन चतुर्थांश भरलं होतं. लाल दिवा लागला.

नऊ भाते हलले. नऊ बोटं दबली. आणि आवाज असा उसळला, की पहिल्या रांगेतल्या एका बाईने खुर्चीचे हात धरले. दोनाची लहर तिनाच्या पाठीवर, तिनाची पाचाच्या कडेवर, खाली बाराची लहर सगळ्यांना उचलून खाली ठेवतेय. हात मात्र कुणाचाच हलत नाही. लोक माना उंचावून बघू लागले, की एवढं चाललंय कुठं?

सहाव्या मिनिटाला पाचवीचा मणी गळला. ती वाजवणाऱ्या शिंप्याने दहा श्वास मोजले, बोट उचललं. विणीतला एक धागा ओढून काढावा तसा आवाज जरा विरळ झाला आणि बाकीचे धागे स्पष्ट दिसू लागले. अकराव्या मिनिटाला लगोलग दोन गळले. मग कितीतरी वेळ काहीच नाही. पंधरा मिनिटं झाली, अठरा झाली, आणि सभागृहातली माणसं पुढे सरकून बसलेली, आता कोण, आता कोण. ड्रायव्हरचा गळला, तेव्हा मागून कुणीतरी "गेला!" म्हणालं आणि दहा जणांनी त्याला गप्प केलं. एकसुरी भाता हलवत होती आणि तिच्या अंगावर काटा राहून राहून येत होता. आपली रचना ती पहिल्यांदाच ऐकत होती, इतरांसारखीच, पुढचं काही ठाऊक नसताना.

छत्तिसाव्या मिनिटाला तिच्याखेरीज दोनच राहिल्या. अडतिसाव्याला डॉक्टरने बोट उचललं. राहिली पहिली आणि नववी. टपालवाली पुतळ्यासारखी. एकच लहर, बारा सेकंदांची. मणी गळेना.

रेडिओवाली बाई पडद्याआडून बोटं दाखवू लागली. दोन मिनिटं. एक. मग दोन्ही हात जोडले. एकसुरीने मान हलवली: नाही. चाळीस झाले. तिकडे बातम्या सुरू झाल्या. बाईने कानावरचे हेडफोन काढून फेकले आणि जमिनीवरच मांडी घालून ऐकत बसली.

आणि मग लहर लांबू लागली. मणी गळत नव्हता, सरकत होता. उन्हाने मऊ होऊन पत्तीच्या बुडाकडे निघाला होता. चौदा सेकंद. वीस. पस्तीस. टिचकी वाजणारच नव्हती, मग थांबायचं कधी? एकसुरीने कान टवकारले. आहे? की नाही? घामाने डोळे भरले. तिला सांगता येईना. आणि सगळ्या मुलखात सांगू शकेल असा एकच माणूस होता. तिने पहिल्या रांगेकडे पाहिलं.

दादा खुर्चीच्या टोकाशी आला होता. डोळे मिटलेले, उजवा हात हवेत. तो हात इतका हळू वर जात होता आणि खाली येत होता, की बघणाऱ्याला तो हलतोय हेही कळू नये. लहर त्याला अजून ऐकू येत होती. सगळं सभागृह आता त्या हाताकडे बघत होतं. वर. वर. थांबला. खाली यायला निघाला. एक मिनिट गेलं. वहिनीने बसल्या जागी चुळबुळ केली, तर त्याने दुसऱ्या हाताने तिला दाबून धरलं. हात पुन्हा वर निघाला, चहूबाजूंनी तीनशे माणसं श्वास रोखून, आणि अर्ध्यावर तो हात थांबला. खूप वेळ थांबला. मग दादाने तो मांडीवर ठेवला.

दोघींनी बोटं उचलली.

टाळ्या लगेच आल्याच नाहीत. आल्या तेव्हा मात्र थांबेनात. दादा उठला नाही, टाळ्याही वाजवल्या नाहीत. स्वतःच्या मेणकट बोटांकडे बघत बसला होता.

टेंपोत पेट्या चढवेपर्यंत रेडिओवाली बाई तीनदा पळत आली. रेडिओच्या कचेरीत फोनवर फोन. काहींनी शिव्या घातल्या, की पेटीवाला झोपला होता का. पण बाकी सगळ्यांचा प्रश्न एकच: बातम्यांच्या आधी चालू होती ती शेवटची थांबली का? एका माणसाने तर बातम्यांच्या मागून अजून ऐकू येतेय म्हणून तक्रार केली होती. "साहेब फोन ठेवतोय आणि उचलतोय!" बाई हसता हसता वाकली.

टेंपोत पुढे तिघं दाटीवाटीने बसली. दादाने चाक धरलं. पहिल्या सिग्नलला गाडी थांबली.

"ते मेण चुकीचं होतं," दादा म्हणाला. "फार चिकट. दुसरं बघायला हवं."

"पुढच्या रविवारी दुकानातच वाजवू," एकसुरी म्हणाली. "काच काढून टाकू. लोक रस्त्यावर उभे राहतील."

"दुकानात? माझ्या?"

"मग काय माझ्या?"

"आधी घरी चला," वहिनी मधून म्हणाली. "माझ्या पोटात आठ पेट्या वाजतायत."

सिग्नल हिरवा झाला. दादा गाडी काढेना. मागच्याने हॉर्न दिला. दादाने तो हॉर्न कोणत्या पट्टीतला ते सांगितलंसुद्धा नाही.

"दुसरीला दोन सेकंद फार घाईचे होतात," तो शेवटी म्हणाला. "बाकीच्यांना ऐकू देत नाही ती. किती ठेवायचे?"

"तू सांग."

त्याने गियर टाकला. चौक गेला, बाजार गेला, दुकानाचं वळण आलं आणि तो ते चुकून पुढे निघून गेला.

"साडेतीन," तो म्हणाला. "नाही. थांब. पावणेचार."